तुम्ही विचारलंत म्हणून: हॉल सोडून कॅम्पात कशाला?

दर सप्टेंबरात आम्ही साठेक माणसं गाण्यासाठी एका रिकाम्या उन्हाळी कॅम्पात शनिवार-रविवार राहायला जातो. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की विचारणा सुरू होते. कोणी मंगळागौरीला गाठतं, कोणी किराणा दुकानात भेंडी निवडता निवडता. पुण्याहून बहीण तर दर वर्षी न चुकता विचारते, "अगं, गाणंच ऐकायचंय ना? मग एखादा हॉल घ्या की. दोन तास गाडी हाकत जंगलात जायचं आणि पोरांच्या बंकबेडवर झोपायचं, हे काय खूळ तुमचं?"

तोंडी उत्तर मी दर वेळी वेगळं देते. कधी "हवा छान असते" म्हणते, कधी "मुलांना मोकळं मिळतं". दोन्ही खरी आहेत, पण खरं उत्तर ती नव्हेत. म्हणून यंदा लिहूनच टाकते.

हॉलपासून सुरू करू, कारण आम्ही सगळं हॉलमध्येही करून पाहिलेलं आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे कार्यक्रम म्हणजे बहुधा एखाद्या शाळेचं सभागृह, आणि ते रात्री दहाला रिकामं करून द्यायचं. एकदा भारतातून आलेल्या एका गायिकेचं गाणं आम्ही ठेवलं होतं. समोसे उशिरा आले, त्यामुळे मध्यंतर लांबलं, आणि पावणेदहाला बाईंनी भैरवी सुरू केली. मागच्या दाराशी शाळेचा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा. त्याचा काही दोष नाही, त्यालाही घरी जायचं होतं. पण बाई एका जागेवर हळूच थांबल्या आणि त्या शांततेत जुडगा खळकन वाजला. पुढच्या चार मिनिटांत भैरवी गुंडाळली गेली.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच. भैरवी हा मुळात सकाळचा राग. मैफली रात्रभर चालायच्या, पहाट होता होता भैरवीने संपायच्या, म्हणून ती शेवटाला. आता रात्र गेली, पहाट गेली, नुसता शेवट उरलाय. तोही पावणेदहाचा.

आणि हे फक्त अमेरिकेतलं नाही, हे बहिणीलाही माहीत आहे. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आम्ही दोघींनी गोधड्या पांघरून रात्र-रात्र ऐकलेला आहे. डिसेंबरची थंडी, थर्मासमधला चहा, आणि पहाटे चारला एकदम सगळा मांडव जागा. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाले. नियम योग्यच आहे. आमच्या घरासमोर रात्री दोनला डीजे लागला तर पहिला फोन मीच करीन. पण त्या नियमाखाली रात्रीचे आणि पहाटेचे राग मांडवातून उठून गेले, त्याचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.

आता कॅम्प. भारतातल्या वाचकांसाठी सांगते: अमेरिकेत जूनमध्ये शाळा सुटल्या की पोरांना काही आठवडे रानात, तळ्याकाठी राहायला पाठवण्याची जुनी पद्धत आहे. १८६१ साली कनेक्टिकटमधल्या एका शिक्षकांनी, फ्रेडरिक गन यांनी, आपल्या शाळेतली मुलं समुद्रकाठी तंबूत राहायला नेली. तिथपासून या प्रकाराची सुरुवात मानतात. लाकडी खोल्या, एकावर एक पलंग, एक मोठी जेवणाची खोली, एक तळं, त्यावर एक लाकडी धक्का. ऑगस्ट संपत आला की पोरं घरी. मग ही सगळी गावं रिकामी पडतात, आणि सप्टेंबरात शनिवार-रविवारपुरती भाड्याने मिळतात. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांत असे कितीतरी कॅम्प आहेत. डेलावेअर नदी ओलांडली की तासाभरात पोचतो.

माझी मूळ हौस कोजागरीची होती. चांदणं, तळं, आटीव दूध, जागरण, सगळं आयतं जुळत होतं. पण थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून कॅम्पवाले ऑक्टोबरच्या मध्याला नळातलं पाणी काढून टाकतात आणि कुलूप लावतात. २०२३ साली कोजागरी होती २८ ऑक्टोबरला. साठ माणसं, दूध आणि नळाला पाणी नाही, कल्पना करा. तेव्हा सप्टेंबरचा शेवट ठरला तो ठरलाच. गणपती लवकर आले तर सोपं जातं. उशिरा आले की विसर्जनाच्या दमलेल्या आवाजानेच सगळे येतात.

आता बंकबेड. तुमचा राग मला मान्य आहे. गादी चार बोटांची, प्लॅस्टिकच्या खोळीची, कूस बदलली की कुरकुरते. न्हाणीघर वेगळं, रात्री टॉर्च घेऊन जायचं. गवतातून आल्यावर पाय तपासायचे, कारण हरणांवरच्या गोचिडी चावतात आणि त्यांनी लाइम रोग होतो. पहिल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा मी जीव मुठीत धरून होते. त्या खालच्या पलंगावर आडव्या झाल्या, वरच्या पलंगाच्या फळ्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हिथं नावं लिवल्यात." खरंच, फळ्या पोरांच्या नावांनी भरलेल्या. कोणी कोरलेलं, कोणी शाईने, पुढे साल. सगळ्यात जुनं १९६८. सासूबाईंनी मला एकेक नाव वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आत्तापर्यंत आजोबा झालं असंल ते." आणि झोपल्या.

स्वयंपाक आम्हीच करतो. तिथल्या भटारखान्यात एक भलीमोठी चौकोनी कढई असते, चाक फिरवलं की तिरकी होणारी. साठ माणसांचे पोहे तिच्यात एका दमात होतात: चार किलो जाड पोहे, तीन किलो कांदा, आणि मीठ कोणी घातलं यावर वाद. एका वर्षी आमटीच्या फोडणीत सुक्या मिरच्या जरा जास्त पडल्या, पंखा लावायचा राहिला, आणि आगीची घंटा बोंबलायला लागली. वीस मिनिटांत गावातल्या स्वयंसेवकांचा बंब दारात. एक उंच बुवा शिरस्त्राणासकट आत आले, श्वास घेतला, सात वेळा शिंकले आणि बाहेर जाऊन कागदावर काहीतरी लिहू लागले. आमच्यातल्या एकाने डोकावून पाहिलं. लिहिलं होतं: स्वयंपाक. आग नाही.

शुक्रवारची रात्र मी हिशेबात धरतच नाही. सगळे थकून आलेले, सिनेमाची गाणी, अंताक्षरी, कोणाला कोणती खोली यावर रुसवे. नियम आम्ही एकच केलाय, कॅराओके आणायचा नाही. त्यावरून दोन कुटुंबं यायची बंद झाली. वाईट वाटतं, पण नियम काढणार नाही.

शनिवारी दुपारपासून मात्र रंग बदलतो. गादी ना मंच, जेवणाच्या खोलीत टेबलं बाजूला सारायची आणि जमिनीवर सतरंजी. गाणारे तेच, कांदा चिरणारे तेच. आमच्या गल्लीत एक अमेरिकन आजोबा राहतात, निवृत्त पोस्टमन, ते बँजो वाजवतात. मुलं त्यांना बँजोकाका म्हणतात. बँजोला पाचवी एक आखूड तार असते, बाकी काहीही वाजवा, ती एकाच सुरात टणटणत राहते. थोडक्यात, तानपुराच. त्यांची बैठक 'जी'त, म्हणजे आपली पेटीवरची पांढरी पाच. आमची एक मैत्रीण गाते काळी चारमध्ये, अर्धा सूर वर. पहिल्या वेळी दोघं एकमेकांकडे बघत बसले. मग काकांनी बँजोच्या गळ्यावर पहिल्या पट्टीत एक चिमटा आवळला, चार तारा वर गेल्या. पाचवी चिमट्याबाहेर असते, तिची खुंटी त्यांनी कान लावून केसभर-केसभर पिळली. पेटीवर काळी चार दाबून धरलेली. तार चढत चढत आली आणि एका क्षणी पेटीचा आणि तारेचा आवाज वेगळा ऐकूच येईना. काकांनी भुवया उंचावल्या. मैत्रिणीने मग एक अभंग म्हटला.

हीच मैत्रीण खरं म्हणजे माझं उत्तर आहे.

ती मुंबईत बारा वर्षं गुरूंकडे शिकली. मग लग्न, व्हिसा, मुलं, सॉफ्टवेअर तपासायची नोकरी. इथे स्थानिक कार्यक्रमांत ती गाते, पण हौशी गाणाऱ्यांची यादी मोठी आणि सभागृह दहापर्यंतच, त्यामुळे प्रत्येकाला आठ मिनिटं. आठ मिनिटांत नाट्यगीत होतं. ख्याल, म्हणजे सावकाश उलगडत जाणारा राग, होत नाही. विलंबित, म्हणजे संथ एकतालात तालाचं नुसतं एक आवर्तन संपायला पाऊण मिनिट लागतं. आठ मिनिटांत माणूस रागाच्या उंबऱ्यावर चपला काढतोय तोवर टाळ्या. कित्येक वर्षं आम्ही तिला "छान गातेस हं" म्हणत होतो, आणि ती काय गाते हे आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, रात्री दीड वाजता, साठांतले आठ जण जागे होते. शेकोटीच्या भिंतीशी लाकडं जळत होती, बाहेर सात-आठ डिग्री. ओल्या थंडीने तबल्याची पुडी सैल पडून सूर उतरत होता. तमाशाच्या तंबूबाहेर हलगी शेकतात, तसा आमचा तबलजी तबला शेकोटीसमोर धरत होता, तळव्याने चामडं चाचपत. (त्याआधीच्या वर्षी त्याने तो फार जवळ ठेवला होता आणि पुडीवरच्या काळ्या शाईला तडा गेला. आता हातभर अंतर राखतो.) तबला मिळाला. फोनवरचा तानपुरा लावला. कॅम्पात फोनला रेंज नसते, तेवढाच उपयोग उरतो त्याचा.

तिने मालकंस घेतला, मध्यरात्रीनंतरचा राग. पहिली दहा मिनिटं बिचकत होती. मला वाटतं, सवयीने घड्याळ शोधत होती. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत नीट लागेना. एकदा थांबली, पाणी प्यायली, "सॉरी" म्हणाली. कोणी काही बोललं नाही, कोणी उठलं नाही. एकाने लाकूड सारलं. मग ती परत षड्जावर, म्हणजे 'सा'वर आली आणि डोळे मिटून तिथेच बसून राहिली, कितीतरी वेळ. त्यानंतर धैवत जो आला त्याचं वर्णन मी करत नाही. पाऊण तास विलंबित, मग जलद लयीतलं द्रुत. उत्तम गाणं होतं असं नाही म्हणणार. दोनदा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली, वरचा षड्ज पातळ झाला. पण पूर्ण होतं. संपलं तेव्हा तिचा नवरा, लग्नाला सतरा वर्षं झालेला, म्हणाला, "हे तुला येतं?"

वेळेवर माझा एवढा जीव आहे हे कळल्यावर आमचा चेन्नईचा मित्र मला चिडवतो. "तुम्ही लोक घड्याळ बघून गाता, आमच्याकडे असलं काही नाही." कोणता राग दिवसाच्या कोणत्या प्रहरी गायचा, यावर मी त्याला दरवर्षी व्याख्यान देते. आणि एका रविवारी त्याने मला बरोबर पकडलं.

सकाळचे साडेसहा. तळ्यावर धुकं, वारा पडलेला. सासूबाई शाल गुंडाळून धक्क्यावर बसल्या होत्या, हातात चहा. त्यांना गाणं येत नाही असं त्या स्वतःच सांगतात. पण माहेरी आई पहाटे म्हणायची ती भूपाळी त्या गुणगुणत होत्या, आणि पाण्यावरून तो आवाज पलीकडच्या झाडांपर्यंत जाऊन परत येत होता. त्यांचं लक्ष नव्हतं. मागून हा मित्र आला, ऐकलं, आणि माझ्या कानात म्हणाला, "मोहनम्! म्हणजे तुमचा भूप. तो तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा ना गं?"

मी म्हटलं, देशकार असेल. सूर तेच पाच, पण सकाळचा. वेळ मारून नेली. तो हसत गेला. भूप होता की देशकार, ते मी आजतागायत सासूबाईंना विचारलेलं नाही. विचारलं तर गायच्या थांबतील.

रविवारी अकराला जागा सोडायची असते. गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवायच्या, म्हणजे त्यात उंदीर घर करत नाहीत. झाडलोट, कचरा बंद डब्यात, कारण अस्वलं येतात. त्या गडबडीत भैरवी आजवर एकदाही झालेली नाही. दर वर्षी ठरतं, दर वर्षी पेटी आधीच गाडीत जाते.

तर यंदा सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. येणार असाल तर चादर-उशी आपापली आणा, टॉर्च आणा. गाता येत नसेल तर कांदे आहेतच. आणि खालचा पलंग हवा असेल तर आत्ताच सांगून ठेवा; १९६८ च्या नावाखालचा तेवढा सासूबाईंचा आहे.