आठशेतलं ते इंजिन मी का काढलं

माझ्या मारुती आठशेत घातलेलं मारुती झेनचं इंजिन मी परत का काढलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एकदाच, आणि जरा लांबण लावूनच. म्हणजे पुढच्या वेळी लग्नाच्या पंगतीत भात वाढून घेताना कुणी "काय बे, ते झेनचं इंजिन का काढलास?" म्हणालं की मला मान खाली घालून जेवता येईल.

तुमची उत्तरं मला ठाऊक आहेत. एक, बायकोनं काढायला लावलं. (तिला आजही आठशेतलं आणि झेनमधलं इंजिन शेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही, आणि त्यात तिचं काही अडत नाही.) दोन, पोलिसांनी धरलं. तीन, इंजिन बसलं. तिन्ही चूक. इंजिन उत्तम चालत होतं. ज्या दिवशी काढलं त्या दिवशीही अर्ध्या स्टार्टरला पेटलं.

आणि दुसरा प्रश्न, जो याच्या पाठोपाठ येतोच: "मग माझ्या गाडीला बसवून देशील काय?" नाही. पुढे वाचा, मग पुन्हा विचारा.

गाडी १९९७ची, बाबांनी फंडातून उचल करून घेतलेली. कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, ७९६ सीसी, तीन सिलेंडर, ताकद सदतीस बीएचपीच्या आसपास. एवढ्यात काय होतंय असं ज्याला वाटतं त्यानं गाडीचं वजन बघावं, साडेसहाशे किलो. चार माणसं बसली की मात्र तीच गाडी वंटमुरीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये रडायची, आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून माझी इज्जत काढायचा. शिवाय आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. हवा पातळ, म्हणून इथं कार्ब्युरेटरच्या गाडीचा थोडा दम असाच जातो. चोर्ला घाट उतरून साखळीकडे गेलं की तीच गाडी मोकळी पळायची. मला वाटायचं, गोव्याची हवा. ती हवाच होती, पण मला वाटायचं तशी नव्हे.

सुरुवात सगळ्यांसारखीच. आधी उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर. त्यानं आवाज वाढला. आवाज वाढला की वेग वाढला असं वाटतं, आणि बाजूला घड्याळ घेऊन बसणारा मित्र नसेल तर ते वर्षभर वाटत राहतं. मग बारा इंची रिमा काढून तेरा इंची टाकल्या. १४५/७० आर १२च्या जागी १५५/६५ आर १३ म्हणजे चाक जवळजवळ अडीच सेंटीमीटरनं मोठं. गाडी दिसायला झकास झाली आणि उचल कमी झाली, कारण एका फेऱ्यात चाक जास्त अंतर तोडणार म्हणजे इंजिनाला तेवढा जास्त जोर लावायला लागणार. हे गणित सातवीतल्या पोराला कळतं. मला चार महिन्यांनी कळलं. मग उद्यमबागेत, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका ओळखीच्या शॉपमध्ये हेड फेसिंग करून घेतलं, म्हणजे इंजिनाच्या हेडचा तळ थोडा तासून घेतला, कॉम्प्रेशन वाढावं म्हणून. वाढलं की. चढावर इंजिन नॉक मारायला, ठकठक करायला लागलं. मेस्त्रीनं ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं, नॉक गेला, आणि फेसिंगनं जे मिळालं होतं तेही त्याच्याबरोबर गेलं.

या सगळ्यात जेवढे पैसे गेले त्यात चांगला कार्ब्युरेटर, नवे प्लग, वायरी, क्लच आणि चार टायर झाले असते. गाडी निम्म्यानं तरी सुधारली असती. हे मी आज म्हणतो. तेव्हाच्या सव्वीस वर्षांच्या मला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "काका, तुम्ही सर्व्हिसिंग करून घ्या, आम्ही गाडी करालोय." त्याचंही खोटं नव्हतं. सर्व्हिसिंग केलेली आठशे ही शेवटी सर्व्हिसिंग केलेली आठशेच.

तर २००८ साली झेनचं इंजिन. ९९३ सीसी, चार सिलेंडर, पन्नास बीएचपी, सोबत पाच गिअरचा बॉक्स. सीमेपलीकडच्या एका भंगारातून अठ्ठावीस हजाराला. पावती मागितली नाही. त्यानं दिली नाही. माउंटिंगच्या पट्ट्या उद्यमबागेत करून घेतल्या. आपल्या गावात एक बरं आहे, ओतकाम म्हणा, लेथ म्हणा, क्रँक ग्राइंडिंग म्हणा, सगळं दोन गल्ल्यांत मिळतं आणि करणारा तुमच्या मामाच्या ओळखीचा निघतो. एक्सल जुळवताना आठवडा गेला. रेडिएटर मोठा घातला. बाबांना सांगितलं, इंजिनाचं काम काढलंय. त्यांना वाटलं, बोअर करालाय, झिजलेले सिलेंडर तासून घ्यालाय.

आता खरं ते कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की पश्चात्ताप झालेला माणूस बोलतोय. ती गाडी फार सुंदर पळायची. पहाटे पाचला जांबोटीचा रस्ता, धुकं, दोन्ही बाजूंना झाडी, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ती छोटीशी पेटी अशी काही पुढे जायची की हसू यायचं. एकटाच हसायचो. टनामागे सत्तावन्न बीएचपीची गाडी त्र्याहत्तरवर गेली, एवढंच कागदावर. वंटमुरी चौथ्यात चढायची. तोच ट्रकवाला आरशात लहान लहान होत जायचा. आजवर माझ्या हातून झालेल्या कामांत ते काम सर्वांत नेटकं होतं, आणि हे मी कुणापुढंही म्हणेन.

ब्रेक मात्र तेच ठेवले होते. आमच्या गाडीला बूस्टर नव्हता, नुसता पायाचा जोर. इंजिनावर अठ्ठावीस हजार घातले, ब्रेक ऑइल बदलायला दोनशे रुपये नव्हते असं नाही, सुचलंच नाही. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना एकदा पेडल मऊ लागलं, मग आणखी मऊ, मग फळीला टेकलं. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरतं, ते तापलं की वाफ होते, आणि पाय वाफेवर पडतो. गिअर खाली घेत, हँडब्रेक ओढत थांबलो. हात दिवसभर थरथरत होते. पण इंजिन काढायचं कारण हे नव्हे. ब्रेक नीट करून घेतले आणि चार वर्षं आणखी चालवली. म्हणजे मला शहाणपण आलं असं जर कुणाला वाटत असेल, तर नाही आलं.

२०१२ साली गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, फॉर्म नंबर २५, गाडी समोर नेऊन दाखवायची. आरसी बाबांच्या नावावर. माझा बेत असा, की आदल्या आठवड्यात जुनं इंजिन परत बसवायचं, तपासणी झाली की पुन्हा काढायचं. मेस्त्री गावाला गेला. एक एजंट म्हणाला, "इंजिन नंबर कोण बघतंय ओ, मी बघून घेतो." मी हो म्हणालो.

बाबा एजंटाकडे जात नाहीत. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत त्यांची नोकरी झाली. आपल्याकडे मराठी मास्तरानं सरकारी कागद कसे सांभाळायचे असतात ते तुम्हाला सांगायला नको. फॉर्म कन्नडात असला तरी ते स्वतः लावून लावून वाचणार, स्वतः भरणार, एक अक्षर चुकलं तर दुसरा फॉर्म आणणार. भाषेसाठी ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्यासमोर आपला कागद चुकता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

आदल्या संध्याकाळी ते पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन अंगणात आले. चेसिस आणि इंजिनाच्या नंबरचा ठसा घ्यायचा होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, घेऊन गेलं की काम लवकर होतं. चेसिसचा नंबर वर दिसतो, तो लगेच उठला. इंजिनाच्या नंबरासाठी मी उजेडाला हातातली बॅटरी लावून धरली. त्यांनी ब्लॉक पुसला, कागद दाबला, पेन्सिल आडवी फिरवली. आत जाऊन आरसी घेऊन बसले. बाहेर आले.

"जुळेना रे."

पुन्हा घेतला. आरसीवर सुरुवातीलाच एफ, कागदावर जी. पुढचे अंक तर सगळेच वेगळे. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत वाकले. रॉकेलच्या चिंधीनं ब्लॉक घासला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, कमरेत वाकून, नाकाला एअर फिल्टरचा डबा लागतोय, तिसऱ्यांदा ठसा घेतोय. आणि मी बॅटरी धरून उभा. मला तोंड उघडायला तीन संधी होत्या. मी म्हणालो, "मळ असेल, बाबा. ते लोक बघतात काय ते."

त्यांनी कागदाची घडी करून आरसीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या मैदानात आमचा नंबर अकराच्या सुमारास आला. इन्स्पेक्टर माझ्याच वयाचा. बॉनेट उघडून त्यानं फक्त बघितलं. नंबरसुद्धा वाचला नाही. तीन प्लगच्या जागी चार प्लगच्या वायरी ज्याला दिसत नाहीत त्यानं ती नोकरी करू नये. मग बाबांच्या हातातली घडी बघितली, कागद उलगडला, तिन्ही ठसे. बाबा मास्तर, हे त्याला एव्हाना कळलं होतं.

तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, इदु यार एंजिन री?" हे कुणाचं इंजिन.

चोरीचं आहे काय, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी मध्ये पडलो असतो. बाबांनी बॉनेटखाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना तेव्हा कळलं. मला दिसलं ते, एका क्षणात सगळं कळताना दिसलं. आणि ते म्हणाले, "नंदरी."

माझंच.

शिक्षकी पेशात ज्यांनी शाळेचा खडू घरी आणला नाही, त्या माणसानं परक्या भाषेत, माझ्यासाठी, सरकारी माणसासमोर खोटं सांगितलं. इन्स्पेक्टर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, जुनं इंजिन घालून आणा, मी आज काही लिहीत नाही. चांगला माणूस. पैशाचा विषय नाही, आवाज चढवणं नाही. कधी वाटतं, त्यानं वाईट वागायला हवं होतं, म्हणजे मला चिडायला कुणीतरी मिळालं असतं.

गाडी मीच चालवली. बाबा शेजारी. शहापूरच्या अलीकडे एवढंच म्हणाले, "तीनदा छापलं रे मी. मला वाटलं, डोळे गेले."

त्या आठवड्यात जुनं इंजिन बसवलं. ते बोअरला आलेलंच होतं, तेही करून घेतलं. २०१७ला आरसी वाढली, २०२२लाही. त्या खेपेला फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, बाबांनी ती मुकाट्यानं भरली.

यावर तुम्ही म्हणता, कायदेशीर करून घ्यायचं होतंस की. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम वाचा. कंपनीनं ठरवून दिलेलं आणि आरसीत लिहिलेलं, त्याहून गाडी वेगळी करता येत नाही. २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच पक्कं केलं. रंग बदला हवा तर. मला हा कायदा अजून पुरता पटत नाही. तेच इंजिन त्याच कंपनीनं दुसऱ्या पत्र्यात घालून विकलं, मग माझ्या पत्र्यात का नको? मग केरीचं ते पेडल आठवतं आणि माझा आवाज उतरतो. मग वंटमुरी आठवते आणि परत चढतो. या वादात मी एकदाही जिंकलो नाही आणि एकदाही हरलो नाही.

मित्र म्हणतात, इंजिन तिकडचं, कागद इकडचे, ही आपली सगळ्यांचीच गोष्ट. मी हसतो. बाबांसमोर हा विनोद करून दाखवा म्हणावं.

इंजिन अजून परसात आहे, ताडपत्रीखाली, लाकडी ठोकळ्यांवर. निपाणीच्या एकानं दोनदा विचारलं, देतोस काय. कसं देणार? कुठल्या गाडीचं ते मलाच माहीत नाही. ती गाडी विकलेली होती, ठोकलेली होती की कुणाच्या दारातून गेलेली होती, हे २००८ साली विचारायचं होतं. टाकूनही देववत नाही. दर पावसाळ्यानंतर प्लग काढून भोकांतून थोडं तेल सोडतो आणि पान्यानं क्रँक दोन फेरे फिरवतो, जाम होऊ नये म्हणून. कशासाठी, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात हेच करत होतो. बाबा काठी टेकत मागं येऊन उभे राहिले. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नंबर कुठं आहे याचा?"

मी चिंधीनं पुसून दाखवला. ते वाकले, आणि बॅटरीशिवाय, चष्म्याशिवाय, जीपासून शेवटच्या अंकापर्यंत मोठ्यानं वाचत गेले. वर्गात हजेरी घ्यावी तसे.

"दिसतंय की," म्हणाले, आणि आत गेले.