जूनमधला मंडळाचा शनिवार

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचे वर्षाचे कार्यक्रम ठरलेले असायचे. संक्रांतीचं हळदीकुंकू, गुढीपाडवा, गणपती, दिवाळीचा फराळ. हे अमेरिकेतल्या कुठल्याही मंडळात असतंच. जूनमधला एक शनिवार मात्र आमचा खास होता. त्या दिवशी सगळं मंडळ सकाळी एका गॅरेजमध्ये जमायचं आणि संध्याकाळी विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर स्टॉक कारच्या, म्हणजे रोजच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या पण शर्यतीसाठी तयार केलेल्या गाड्यांच्या, शर्यती बघायला जायचं.

ही प्रथा पाडली आमच्या एका काकांनी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते इथल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांच्या शेजारच्या लेथवर काम करणारा सहकारी दर शनिवारी शर्यतीत उतरायचा. त्यानं काकांना बोलावलं, पुढच्या वर्षी काकांनी आम्हाला नेलं, आणि त्यानंतर जून जवळ आला की मुलंच विचारायला लागली, "गाड्यांचा शनिवार कधी आहे?"

नॅस्कार ही अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी मोठी संस्था. टीव्हीवर दिसते ती नॅस्कार म्हणजे दीड-दोन मैलांचे ट्रॅक, कोट्यवधींचे प्रायोजक आणि खाजगी विमानातून येणारे चालक. शॉर्ट ट्रॅकचं जग निराळं. एक मैलापेक्षा आखूड वाटोळी धावपट्टी, आणि तिच्यावर गावातलेच मेकॅनिक, प्लंबर, शेतकरी, शाळेचे शिक्षक. आठवडाभर नोकरी करायची, रात्री गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करायची आणि शनिवारी ती ट्रेलरवर चढवून न्यायची. अमेरिकेतल्या शेकडो गावांत मोटारशर्यत म्हणजे हीच.

बोमन ग्रेची गंमत अशी की मुळात ते फुटबॉलचं मैदान आहे. 1930च्या दशकातल्या मंदीत सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं काँक्रीटचं स्टेडियम, मध्ये हिरवळ आणि हिरवळीभोवती पाव मैलाची जवळजवळ सपाट डांबरी पट्टी. 1949 पासून इथं नॅस्कारच्या साप्ताहिक शर्यती होतात, इतक्या जुन्या दुसरीकडे कुठे नाहीत. नॅस्कारचा दिग्गज चालक रिचर्ड पेटी यानं कारकिर्दीतली शंभरावी शर्यत 1969 साली इथंच जिंकली. लोक या जागेला प्रेमानं 'मॅडहाउस' म्हणतात. पट्टी इतकी अरुंद की पुढे जायला जागाच नसते, मग पुढच्याला मागून ढोसल्याशिवाय गत्यंतर नाही. ढोसलेला पुढच्या फेरीत उट्टं काढतो. एका बाजूचे प्रेक्षक आनंदानं ओरडतात, दुसऱ्या बाजूचे हुर्यो उडवतात, आणि पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा हजर.

पण मला त्या दिवसातली सकाळ जास्त आवडायची.

काकांचा सहकारी 'स्टेडियम स्टॉक' या सगळ्यात खालच्या वर्गात गाडी चालवायचा. चार सिलिंडरची जुनी गाडी, आतलं सगळं काढून टाकलेलं, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला, काचेच्या जागी जाळी. आम्ही पोचायचो तेव्हा चारही चाकांखाली चार वजनकाटे सरकवलेले असायचे. वजन चालकासकट करायचं असतं. पण तो स्वतः आत बसला तर पाने-स्क्रू कोण फिरवणार? म्हणून तो आमच्या मुलांना आळीपाळीनं सीटवर बसवायचा. एक मूल कमी भरलं तर मांडीवर मिठाची पिशवी. मुलानं नुसतं डावीकडे कलायचं, की डाव्या चाकांचे आकडे वर जायचे आणि उजव्या चाकांचे खाली. पट्टीवर फक्त डावीकडे वळायचं असतं, त्यामुळे वजन जितकं डावीकडे तितकी गाडी वळणात घट्ट. म्हणूनच डाव्या बाजूला किती टक्के वजन चालेल याचा नियम असतो. हे त्यानं तोंडानं समजावलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. मिठाची पिशवी मांडीवर घेतलेली मुलं ते कधीच विसरली नाहीत.

वजन भरून काढायला शिशाचे ठोकळे लावलेले असायचे. पांढरे रंगवलेले, प्रत्येकावर गाडीचा नंबर. का? शर्यतीत एखादा ठोकळा निखळून पट्टीवर पडला तर तो दिसला पाहिजे आणि कुणाचा ते कळलं पाहिजे. अपघातातून शिकलेलं असं शहाणपण त्या नियमांच्या चोपडीत पानोपानी होतं. आमच्या मंडळाच्या सचिव वहिनी ती चोपडी एकदा सकाळभर वाचत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "आपल्या मंडळाच्या घटनेपेक्षा ही नीट लिहिलीय."

दुपारी जेवण. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची कोरडी चटणी, बटाट्याची सुकी भाजी. यजमानाला चटणी इतकी आवडली की पुढे त्याच्यासाठी वेगळी बरणी जायला लागली. त्याची बायको आम्हाला तळलेल्या बोलोना सॉसेजचं सँडविच खाऊ घालायची. तो बोमन ग्रेचा खास खाऊ. शाकाहारी मंडळींसाठी तिनं टोमॅटो-मेयोनेजचं सँडविच शोधून काढलं. दक्षिणेतल्या उन्हाळ्यात त्याला तोड नाही.

एका वर्षी कुणाचे तरी वडील खेड तालुक्यातून मुलाकडे आले होते. आयुष्यभर बैलगाडा शर्यतींचे घाट पाहिलेला माणूस. पहिल्या शर्यतीत गप्प, दुसऱ्या शर्यतीत उभे. तिसरी संपल्यावर म्हणाले, "आमच्याकडं गाडा घड्याळाशी पळतो, इथं गाड्या एकमेकींशी भांडत पळतात." आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण गाडी पळवणाऱ्याला परवडतं कसं?"

आजोबांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आमच्या शनिवारांच्या आसपासच्या काळात शॉर्ट ट्रॅकवरच्या गाड्या हळूहळू कमी होत गेल्या. बोमन ग्रेला गर्दी टिकून होती. पण कॅरोलायनात आणि व्हर्जिनियात इतरत्र कधी गेलो तर वरच्या लेट मॉडेल वर्गात दहा-बारा गाड्या बघायला मिळायच्या. जुने प्रेक्षक सांगायचे, पूर्वी मुख्य शर्यतीला पात्र व्हायलाच आधी छोट्या शर्यती लावाव्या लागत.

सगळा दोष नियमांना देतात त्यांचं मला पटत नाही. नियम नसते तर ज्याचा खिसा मोठा तोच दर शनिवारी जिंकला असता आणि बाकीचे आणखी लवकर घरी बसले असते. खर्च आवरण्यासाठी इथल्या लोकांनी फार डोकेबाज नियम काढलेत. एक आहे 'क्लेम'चा. काही वर्गांत जिंकलेल्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला विकत मागण्याचा हक्क दुसऱ्या स्पर्धकाला असतो, आणि जिंकलेल्याला ते द्यावं लागतं. मग कोण वेड्यासारखा पैसा इंजिनात ओतेल? दुसरा आहे सीलबंद इंजिनांचा. कारखान्यातून खोक्यात घालून आलेलं ठरावीक इंजिन, बोल्टांना सील लावलेलं. सील तुटलेलं दिसलं की गाडी बाद. टायर एकाच कंपनीचे, एका रात्रीला किती घ्यायचे ते ठरलेलं. शर्यतीनंतर तपासनीस टायरच्या रबरात सुई खुपसून त्याचा मऊपणा मोजतो, कारण रसायन लावून टायर मऊ करायची चलाखी जुनी आहे.

पण तोच नियम दर हिवाळ्यात बदलला तर? आमच्या यजमानाचं तेच झालं. काही वर्षांनी त्यानं वरच्या वर्गासाठी दुसऱ्या एका ट्रॅकवर चालेल अशी गाडी बांधली. त्यासाठी 1978 ते 1988 दरम्यानच्या मोंटे कार्लोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा सांगाडा लागायचा. भंगारवाल्यांकडे पूर्वी त्यांची रास असे, आता एक मिळायची मारामार. त्यानं तो मिळवला, दोन हिवाळे खपून गाडी उभी केली, आणि त्याच वर्षी त्या ट्रॅकनं कार्बोरेटर आणि टायर दोन्ही बदलले. वीस मैलांवरच्या ट्रॅकची चोपडी तर पहिल्यापासूनच वेगळी होती. एकाच गाडीनं दोन्हीकडे धावायचं म्हणजे दर आठवड्याला वजन, टायर, कधी कधी इंजिनसुद्धा बदलायचं. जिंकून हाती येणाऱ्या पैशांत टायरसुद्धा सुटत नसताना हे करणार कोण? शेजारशेजारच्या ट्रॅकांनी एक चोपडी केली असती तर गाड्या विखुरल्या नसत्या, असं तो कळकळीनं सांगायचा, आणि मला ते शंभर टक्के पटतं. ती गाडी त्यानं पुढच्या वर्षी विकली.

बाकी कारणंही आहेतच. गाव वाढतं, ट्रॅकशेजारी घरं होतात, आवाजाच्या तक्रारी येतात, जमिनीचा भाव चढतो. मर्टल बीचचा ट्रॅक 2020 साली गेला, इलिनॉयमधला रॉकफर्डचा 2023 मध्ये, कॅलिफोर्नियातला अर्विंडेल 2024 च्या अखेरीस. अॅशव्हिलचा ट्रॅक तर 1999 सालीच बंद झाला. नदीकाठच्या त्या जागेवर शहरानं कॅरियर पार्क केलं, पण जुनी वाटोळी पट्टी सायकलींसाठी ठेवली. मंडळाची एक सहल तिथं नेली होती. रिचर्ड पेटी जिथं धावला त्या वळणांवर आमची पोरं सायकली हाणत होती आणि काका प्रत्येकाला वळणात कुठली रेघ धरायची ते ओरडून सांगत होते. सप्टेंबर 2024 च्या हेलीन वादळात त्या बागेची फार नासधूस झाली. बातमी आली तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या सहलीचेच फोटो फिरत होते.

नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकचं मात्र उलटं घडलं. 1996 नंतर तिथली नॅस्कारची मोठी शर्यत गेली, गवत माजलं, पत्रे गंजले. 2022 मध्ये तिथं पुन्हा शर्यती झाल्या आणि 2023 साली नॅस्कारची ऑल-स्टार, म्हणजे निवडक चालकांची, शर्यत आली. आम्ही काही जण गेलो होतो. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ गाड्या निघताना रडत होते.

बोमन ग्रे का टिकलं, यावर मंडळात दरवर्षी वाद व्हायचा. कुणी म्हणे स्वस्त तिकीट. वर्षानुवर्षं ते 10 डॉलरच्या आसपास होतं, मुलांना तर नाममात्रच. कुणी म्हणे टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स यांचं वैर. मॉडिफाइड या इथल्या सगळ्यात वरच्या वर्गातले हे दोघे दिग्गज, अर्धं स्टेडियम एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. मायर्सचे आजोबा बिली आणि वडील गॅरी हेही इथंच धावलेले. माझं मत ठाम आहे. तो सगळ्यात खालचा वर्ग टिकला म्हणून हे स्टेडियम टिकलं. जुनी चार सिलिंडरची गाडी, आवाक्यातला खर्च, पंधरा-वीस फेऱ्यांची शर्यत. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला आणि पन्नाशीच्या मेकॅनिकला आत शिरायला तेच एक दार आहे. तिथं नेहमी रांग असायची. वरचे वर्ग देखणे असतात, पण त्यांतले चालक येतात कुठून?

2020 साली करोनामुळे बोमन ग्रेचा सगळा हंगामच रद्द झाला आणि आमचा शनिवारही. त्यानंतर मंडळ पूर्वीसारखं जमलं नाही. काही कुटुंबं शार्लटला गेली, काही टेक्सासला. काकांचे गुडघे आता त्या काँक्रीटच्या पायऱ्या चढू देत नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये नॅस्कारनं वर्षाची सलामीची 'क्लॅश' याच पाव मैलाच्या पट्टीवर भरवली, तेव्हा काकांच्या घरी टीव्हीसमोर पंचवीस-तीस जण जमले. पुऱ्या होत्या, चटणी होती, आणि काकांचा तो सहकारीही आपली बरणी न्यायला आला होता.

आमच्या खजिनदारांचा मुलगा, मिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसणाऱ्यांतलाच, पुढे शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकला. शनिवार-रविवारी तो एका स्टेडियम स्टॉकच्या चमूत वजनकाटे सांभाळतो. येत्या जूनचा शनिवार त्यानंच ठरवलाय, सकाळ त्यांच्या गॅरेजमध्ये. नावं नोंदवायला सुरुवात झाली आहे. लहान मुलं असतील त्यांनी कानात घालायचे बोळे आठवणीनं आणावेत.