हेपॅरिन खरंच बांधलं गेलंय का?

पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, हे पॉलिमर शरीरात दोन-तीन वर्षांत हळूहळू विघटित होतं. पण रक्त लागताच त्याच्या पृष्ठभागावर फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन बसतं, मग प्लेटलेट्स, मग गुठळी. यावर हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, थर हा जुना, भरवशाचा उपाय. मात्र हेपॅरिन बांधलं जाणं वेगळं आणि नुसतं चिकटणं वेगळं.

हेपॅरिनला धरायला पीसीएलवर जागाच नसते. आधी अमाइन गट (नायट्रोजन असलेले रासायनिक गट) आणावे लागतात. पीसीएलची स्वच्छ फिल्म 1,6-हेक्सेनडायअमाइनच्या आयसोप्रोपेनॉलमधल्या 10% द्रावणात 37 अंशांना तासभर ठेवा. हावरेपणा नको. ही क्रिया पॉलिमरचे एस्टर बंध तोडूनच होते, त्यामुळे वेळ वाढला की फिल्म वाकवताना तडकते. बारीक तंतूंच्या जाळीला तर बराच कमी वेळ पुरतो. धुऊन वाळवताना 40 अंशांच्या वर जाऊ नका. पीसीएल 60च्या आसपास वितळतं.

आता 0.05 मोलर एमईएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच 5.5. त्यात दर मि.लि.ला हेपॅरिन 1 मि.ग्रॅ., ईडीसी (हेपॅरिनला अमाइनशी जोडणारं रसायन) 2 आणि एनएचएस (त्याच्या मदतीचं रसायन) 0.6 मि.ग्रॅ. पंधरा मिनिटांनी फिल्म बुडवा, रात्रभर हलवत ठेवा. ट्रिस बफर चालणार नाही, त्यातलं अमाइनच ईडीसी खाऊन टाकतं. फ्रीझरमधली ईडीसीची बाटली गार असताना उघडली, तर आत दव धरतं आणि पावडर निकामी होते.

अमाइनवर धन प्रभार, हेपॅरिनवर ऋण. त्यामुळे ईडीसी नसतानाही हेपॅरिन फिल्मला धरून बसतं. म्हणून 2 मोलर मिठाच्या पाण्याने तीनदा धुवा, आणि ईडीसी न घातलेलं एक सॅम्पल शेवटपर्यंत सोबत चालवाच. टोल्युइडिन ब्लू या रंगद्रव्यात हेपॅरिन बांधलेली फिल्म जांभळी होते. फिल्मखाली बुडबुडा अडकला असेल तिथे फिकट गोल डाग राहतो. ईडीसीविना ठेवलेलं सॅम्पलही तितकंच जांभळं दिसलं, तर धुणं अपुरं आहे.

एपीटीटी, म्हणजे चाचणीत प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ, लांबला म्हणून खूश होऊ नका. सुटून प्लाझ्मात गेलेलं हेपॅरिनही तो लांबवतं. फिल्म दिवसभर 37 अंशांना सलाइनमध्ये ठेवा, ते सलाइन ताज्या प्लाझ्मात मिसळून एपीटीटी पुन्हा मोजा. तिथेही वेळ वाढलेला दिसला, तर पुन्हा मिठाच्या पाण्याकडे.