खारघरमध्ये राहून ट्रेक गाईड व्हायचं म्हणजे

घरचे, ऑफिसवाले, सगळे एकच विचारतात, एवढे ट्रेक केलेस मग गाईड व्हायला आता वेगळं ट्रेनिंग कशाला. अहो, ट्रेक करताना मी माझ्यापुरती चालत होते ना! गाईडला वाट तर पाठ पाहिजेच, पण नजर ठेवायची ती ग्रुपमधल्या सगळ्यात दमलेल्या माणसाच्या पायांवर, आणि हे नुसतं फिरून येत नाही, शिकावंच लागतं.

पहिलं काय शिकले तर थांबायला. पुढचे लोक भराभर चढून झाडाखाली बसतात, पाणीबिणी पितात, आणि मागचा माणूस धापा टाकत पोचला रे पोचला की हे निघायला तयार. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच आराम नाही. म्हणून आम्हाला सांगितलंय, ब्रेक शेवटचा माणूस खाली बसल्यावर सुरू होतो, त्याच्याआधी नाही. पुढे वाट दाखवणारा लीड, सगळ्यांच्या मागे चालणारा स्वीप, आणि स्वीपच्या मागे कोणीच राहायचं नाही.

वेळेचा अंदाज काढायला स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा १८९२ चा नियम आहे, ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला वरून आणखी एक तास. कागदावर मस्त वाटतं. पण आपल्या सह्याद्रीत घसारा म्हणजे पायाखालची सुटी माती-खडी, पावसातलं धुकं, आणि पनवेलजवळच्या कलावंतिणीसारख्या सुळक्यावर त्या कातळातल्या उंच पायऱ्या, वीकेंडला वर जाणारे आणि उतरणारे त्याच पायऱ्यांवर, तिथे कसला हिशोब. म्हणून परत फिरायची वेळ खाली गावातच ठरवून सगळ्यांसमोर सांगायची. सुळका समोर दिसत असला तरी वेळ झाली की वळायचं, मग कोणी कितीही रुसू दे.

बऱ्याच जणांना वाटतं उत्तरकाशीच्या निमचा, म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्थेचा, बेसिक कोर्स केला की झालो गाईड. तो कोर्स मला करायचाच आहे, २८ दिवसांचा असतो आणि पुढच्या ॲडव्हान्सला जायचं तर ए ग्रेड लागते. पण बर्फावरचं शिक्षण वेगळं आणि इकडचे धोके वेगळे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, म्हणजे इथे त्याची भीती नाही. इथे माणूस आडवा होतो उन्हाने. पनवेलच्या बाजूला दमट हवेत घाम वाळतच नाही, मग अंग थंड कसं होणार? नुसता दमलेला माणूस सावलीत बसून थोडंथोडं ओआरएस प्यायला की साधारण सावरतो, पण तोच असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला तर ती इमर्जन्सी आहे, लगेच अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि हॉस्पिटलला न्यायची व्यवस्था करायची. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतायचं नाही. हा भाग मी फर्स्ट एडच्या वहीत परत परत लिहून काढलाय, कारण तिथे वर असताना मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे मधमाश्या. कड्याला पोळी असतात, त्यामुळे परफ्यूम नको, धूर नको, आरडाओरडा नको. हे बसमध्येच बजावून सांगायचं, कारण वर गेल्यावर कोणी ऐकत नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून वाटते. शहरातून आलेल्या गाईडने गावातला वाटाड्या सोबत घ्यायलाच हवा, आणि त्याचे पैसे ट्रेकच्या फीमध्ये आधीच धरायला हवेत, उतरल्यावर घासाघीस नको. ढोरवाट कुठली, मळलेली वाट कुठली, कुठल्या टाक्याचं पाणी उन्हाळ्यात टिकतं, पावसात कुठला ओढा अचानक वाढतो, हे कलावंतिणीच्या पायथ्याशी प्रबळमाची गावात वाढलेल्या माणसाला जेवढं माहीत असतं तेवढं माझ्या जीपीएसमध्ये कधीच नसणार. सध्या सुट्टीच्या दिवशी मी अशाच एका काकांच्या मागे चालते, ते बोलतात कमी, पण कारवीच्या झुडपांतून जाताना कुठे थांबतात आणि काय बघतात ते सगळं मी टिपून घेते.

पावसाळ्याआधी दोरीकाम पक्कं करायचंय, फिगर ऑफ एटची गाठ डोळे मिटून बांधता आली पाहिजे. खारघर-बेलापूर भागात कोणी सकाळी सरावाला येणार असेल तर नक्की सांगा.