बेचकी का गोफण?

परवा भाचा मोबाईलवर व्हॉयेजर यानाचा व्हिडिओ बघत होता, मधेच विचारतो, मामा स्लिंगशॉट म्हणजे काय? म्हटलं बेचकी रे. तर म्हणतो, बेचकी म्हणजे? झालं का आता!

मग बसलो सांगत. पेरूच्या झाडाला चांगलं बेचकं हुडकायचं, साल सोलायची, सायकलच्या दुकानातनं फुटकी ट्यूब मागून आणायची, बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या आणि मधी जुन्या चपलेचं चामडं. पट्ट्या दोन्हीकडं सारख्या नसल्या की खडा वाकडा जातो, हे मला शेजारचं मंगळुरी कौल फुटल्यावर कळलं. नेम चिंचेवर होता हो! शेजारच्या अज्जी कन्नडात बरंच काही बोलल्या, ते निम्मंच कळलं, आमच्या आजीनं मात्र "काय करुलालास रे तिकडं?" एवढंच विचारलं आणि बेचकी चुलीत.

पुस्तकात हिला गलोल म्हणतात. बेचकी हे नाव नुसत्या आकाराचं, दोन बोटांचं बेचकं असतं, डोंगराच्या बेचक्यात गाव असतं, तसंच. आणि ही काय फार जुनी नव्हे, टिकाऊ रबराचं गुडइयरचं अमेरिकेतलं पेटंटच १८४४ चं, त्याच्या आधी ताणणार काय? जुनी ती गोफण, कन्नडात कवणे. जोंधळा हुरड्यात आला की आजोबा माळ्यावर उभे राहून डोक्यावर गरागरा फिरवायचे, एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी सोडली की सट्ट! पाखरं दगडापेक्षा त्या आवाजालाच जास्त भ्यायची.

तर व्हॉयेजर २ निघालं १९७७ ला, १९७९ ला गुरूजवळनं गेलं, पुढं शनी, युरेनस आणि १९८९ ला नेपच्यून. गुरू सूर्याभोवती पळतोय, त्याच्या पळण्यातला थोडा वेग यानाला मिळाला, ह्यालाच व्हिडिओत स्लिंगशॉट म्हणत होते. आता ह्यात रबर कुठं ताणलं? फिरणाऱ्या हाताचा वेग दगडाला मिळावा तसलाच प्रकार की, आणि इंग्रजीत नुसतं स्लिंग म्हणजे गोफणच. म्हणजे पोराला मीच चुकीचं सांगून बसलो.

दुरुस्ती म्हणून गच्चीवर टॉवेलात लिंबू घालून फिरवून दाखवला. टॉवेलचं एक टोक जरा उशिरा सुटलं. अज्जींच्या घरावर आता स्लॅब आहे म्हणून बरं.