आमची वाटचाल : बिनफीची शाळा

आळंदीत आमचं छोटं केंद्र आहे. ज्ञानेश्वरीचा पाठ आणि अर्थ, हरिपाठ, टाळ, पखवाज, कीर्तनाची तयारी, एवढंच आम्ही शिकवतो. फी नाही, आणि अर्जावर जातीधर्माचा रकानाही नाही. भाड्याच्या एका खोलीत सुरुवात झाली. आज खाली सभागृह, वर मुलांच्या राहण्याच्या खोल्या आणि मागे स्वयंपाकघर आहे.

फी न घेता शिकवण्याची रीत याच गावची. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली इथेच वारकरी शिक्षण संस्था काढली. आमचे पहिले गुरुजी माधुकरी मागून शिकलेले. मानधनाचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "गावाच्या भाकरीवर शिकलोय, ते विकू कसं?" आता मात्र शिकवणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आग्रहाने मानधन देतो. त्यांनाही घरदार आहे.

'सर्वांसाठी' हे पाटीवर लिहायला सोपं असतं. मुलींनी पखवाजाला हात लावला तेव्हा काही जुन्या मंडळींना ते रुचलं नाही आणि एका घरून येणारा दरमहाचा शिधा बंद झाला. वाईट वाटलं, पण वर्ग चालूच ठेवला. जनाबाई, चोखोबा, श्रीगोंद्याचे शेख महंमद ही आपलीच परंपरा. तरीही पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. दार एकदा उघडलं म्हणजे ते आपोआप उघडं राहतं, असं आम्ही धरून चालत नाही. आज सकाळच्या वर्गाआधी पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक स्वयंपाकघरातून मुलीच मळून आणतात, आणि लावलेला पखवाज सुरात आला की नाही हे त्यांच्या कानाला लगेच कळतं.

पैसा तीन वाटांनी येतो: दानपेटी, पावती आणि शिधा. ज्येष्ठात माउलींच्या पालखीचं प्रस्थान आणि कार्तिक वद्यात समाधी सोहळा, या दोन वेळी पेटी भरते. माघापासून वैशाखापर्यंत ओढाताण. पेटी एकट्याने कोणी उघडत नाही. दोन विश्वस्त आणि एक पालक समोर हवेतच. कुंकू लागलेल्या नोटा, नाण्यांची पुरचुंडी, कधी चिठ्ठीत फक्त "नातवाच्या नावाने". पैसे मोजून आकडा त्याच दिवशी फळ्यावर लिहितो. पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, बदलली तर तो खर्चही तिथेच दिसतो.

कागदपत्रांना आम्ही कधी कंटाळलो नाही. 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे, दरवर्षी हिशेब तपासून जातो, विश्वस्त बदलला की बदल अर्ज जातो. देणगीदारांना एक गोष्ट सांगावीच लागते: दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची 80जीची आयकर सवलत मिळत नाही, तेव्हा चेक द्या. या सवलतीसाठी धार्मिक कार्यावरचा खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, म्हणून आमचे सीए हरिनाम सप्ताहाचा हिशेब शिक्षणाच्या हिशेबापासून वेगळा ठेवायला लावतात.

सभागृहाच्या वेळी एका सधन गृहस्थांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट अशी की पुढची रांग त्यांच्या मंडळींसाठी राखीव ठेवायची. पायाचं काम पैशाअभावी थांबलेलं होतं. आम्ही हात जोडून नाही म्हटलं. पैशाने रांग ठरू लागली की मागे कोण बसणार हेही पैसाच ठरवतो, आणि मग पाटीवरचा शब्द पुसलेलाच बरा. काम लांबलं. कोणी विटा दिल्या, कोणी सिमेंटची पोती. स्लॅबच्या दिवशी पालकांनी घमेली उचलली. त्या भिंतीवर कोणाचंही नाव नाही. पावती पुस्तकात सगळ्यांची आहेत.

शिकून गेलेली काही मुलं कीर्तनाला उभी राहतात, बिदागीतला वाटा न सांगता पाठवतात. पण बरीचशी चाकणच्या कारखान्यांत लागली. त्याचं आम्हाला समाधानच आहे. सगळ्यांनी कीर्तनकार व्हावं असं कधी वाटलं नाही. त्यातली काही रविवारी येऊन लहानांना टाळाच्या पावल्या शिकवतात. त्यांचं स्वतःचं शिकणं मात्र पाळ्यांमुळे तुटलं होतं. म्हणून या चातुर्मासापासून रात्री साडेनऊला, दुसरी पाळी नसणाऱ्यांसाठी, ज्ञानेश्वरीचा एक वर्ग सुरू करतोय. बाराव्या अध्यायापासून. वर्गाआधी खिचडी असते, तेव्हा कामावरून थेट यावं.