मेंढपाळांची कादंबरी पडद्यासाठी लिहिताना

आटपाडी भागातल्या मेंढपाळांवरच्या एका जुन्या कादंबरीची पटकथा करायला घेतली, तेव्हा आधी कागदपत्रं उरकली. लेखक हयात नाहीत, पण कॉपीराइट त्यांच्यामागं 60 वर्षं राहतो. वारसांशी लेखी करार केला, त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही घालून घेतले. ते लिहिलेलं नसेल तर कायद्यानं हक्क 5 वर्षांपुरता आणि भारतापुरताच धरतात. ओटीटीसाठी करणाऱ्यांनी हे डोळ्यांत तेल घालून बघावं.

खरी कसोटी पुढं होती. या कादंबरीतली माणसं मनातल्या मनात फार बोलतात आणि मला निवेदकाचा आवाज नको होता. म्हणून एका वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, मुक्कामाला गेलो. कोकरू दगावल्यावर नायिका काय करील, हे तिथल्या आजींना विचारलं.

"रडत बसंल व्हय? पोरकं कोकरू आणून त्याच मेंढीला लावंल. मेंढी घेत न्हाई, लाथा मारती. दोन पायांत दाबून धराय लागती."

पुस्तकातली तीन पानांची घालमेल मेंढीला दाबून धरणाऱ्या त्या हातांत आली. मेलेलं कोकरू दाखवायची गरजच उरली नाही.

सावकाराच्या तोंडी एक जातीवाचक शिवी आहे. निर्माते म्हणाले, काढा. वाड्यावरची पोरं म्हणाली, "आमच्या आज्यानं ऐकून घेतलीया, आता समद्यांनी ऐकू द्या." मला त्यांचंच पटलं. शिवी ठेवली, पण त्या वेळी कॅमेरा सावकारावर नाही, ऐकणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडावर आहे.

जागेचा प्रश्न वेगळाच. आटपाडीत आता डाळिंबाच्या बागा आहेत, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय. सलग उघडा माळ मिळेना, म्हणून जतकडं गेलो. माळ झकास मिळाला, पण तिथली माडग्याळ मेंढी पांढरी, अंगावर तांबूस डाग, नाक पोपटासारखं. ती पाळतात मटणासाठी. आमच्या नायिकेचं अर्धं आयुष्य लोकर कातण्यात जातं, आणि काळं घोंगडं होतं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. प्रेक्षकांना काय कळतंय, असं टीममधले काहीजण म्हणाले. सांगलीपासून सोलापूरपर्यंत ज्यांच्या घरात मेंढरं आहेत त्यांना पहिल्या फ्रेममध्ये कळेल, आणि सिनेमा त्यांचाही आहे. माळ जतचा ठेवला, काळा कळप माणदेशातून, म्हणजे आटपाडीकडून, आणायचं ठरवलं.

जनावरं असली की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज आता भरतोय. दिवाळीनंतर वाडे हलतील, तेव्हा चित्रीकरण सुरू करायचं आहे.